‘साइड देणे’ ते ‘मार्गिका पाळणे’ : भारतातील ओव्हरटेकिंगचे नियम व वाहनचालकांचा शिष्टाचार – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

रस्त्यावरून जाताना पुढील वाहनास मागे टाकणे ही वरवर पाहता क्षुल्लक कृती आहे. परंतु या एका कृतीत वेग, रस्त्याची रुंदी, कायदा आणि परस्परांविषयीचा विश्वास या चार गोष्टी एकत्र येतात. प्रस्तुत शोधनिबंधात १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यापासून २०१९ च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत ओव्हरटेकिंगविषयक नियम कसे घडत गेले, याचा महाराष्ट्रातील रस्त्यांच्या संदर्भात आढावा घेतला आहे. अरुंद रस्त्यांच्या काळात निर्माण झालेला ‘साइड देण्याचा’ शिष्टाचार आणि द्रुतगती मार्गांना अभिप्रेत असलेली मार्गिकेची शिस्त या दोन भिन्न व्यवस्था असून, एकीकडून दुसरीकडे होणारे संक्रमण अपूर्ण राहिल्याने आजच्या रस्त्यावर अनेक धोके निर्माण झाले आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ओव्हरटेकिंग, वेगमर्यादा, मोटार वाहन कायदा, साइड देणे, मार्गिका, घाटरस्ते.

१. प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात रेल्वेला मोठे स्थान मिळाले आहे. १८५३ ची मुंबई-ठाणे आगगाडी, १८६३ मध्ये पूर्ण झालेला बोरघाटातील लोहमार्ग, रेल्वेमुळे झालेले सामाजिक अभिसरण यांवर विपुल लेखन झाले. त्या मानाने मोटार रस्त्याचा इतिहास उपेक्षित राहिला. जे लेखन झाले ते प्रामुख्याने रस्तेबांधणी, खर्च आणि अभियंते यांच्याविषयी आहे. त्या रस्त्यावर माणसे परस्परांशी कशी वागली, कोणी कोणासाठी थांबावे, कोणाला आधी जाऊ द्यावे, हे प्रश्न इतिहासाचे विषय म्हणून क्वचितच हाताळले गेले.

वास्तविक रस्ता हा सार्वजनिक जीवनाचा आरसा होय. एकमेकांना कधीही न भेटलेली, भिन्न जातीधर्मांची आणि भिन्न आर्थिक स्तरांतील माणसे येथे क्षणभरासाठी एकमेकांवर विसंबतात. वळणावर समोरून येणारा अनोळखी चालक आपली बाजू सोडणार नाही, या विश्वासावरच प्रत्येकाचा प्रवास चालतो. हा विश्वास कसा निर्माण झाला, कायद्याने त्याला कोणते रूप दिले आणि तो कोठे ढासळला, याचा शोध घेणे इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक वाटते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली आहे. एवढ्या मोठ्या जीवितहानीमागील सवयींना किमान शंभर वर्षांचा इतिहास आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे, व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) ओव्हरटेकिंग व वेग यांविषयीच्या कायदेशीर तरतुदींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या तरतुदी आणि प्रत्यक्ष रस्त्याची रचना यांतील संबंध तपासणे.
३) वाहनचालकांमधील अलिखित संकेतांचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करणे.
४) आजच्या परिस्थितीसाठी या इतिहासातून मिळणारा बोध मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, नियम व शासकीय अहवाल यांबरोबरच रस्त्यावरील भाषा, म्हणजे फलक, वाहनांवरील मजकूर व चालकांचे शब्द, हेही साधन म्हणून विचारात घेतले आहे. लेखाची व्याप्ती प्रामुख्याने महाराष्ट्रापुरती मर्यादित असली तरी कायदा अखिल भारतीय असल्यामुळे आवश्यक तेथे देशपातळीवरील व ब्रिटनमधील घडामोडींचा उल्लेख केला आहे.

३. मोटारपूर्व रस्ता आणि वेगाची नवी कल्पना

घाट हा महाराष्ट्रातील रस्त्यांच्या इतिहासाचा केंद्रबिंदू आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या बोरघाटातून तोफा नेता याव्यात म्हणून १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने रस्ता तयार करविला. त्यानंतर गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये चाकाच्या गाड्यांसाठी पक्का रस्ता खुला झाला. या रस्त्यावरील वाहतूक बैलगाड्या, तट्टे, पालख्या आणि पायी चालणारे यांची होती. वेगात फार फरक नसल्याने एकाने दुसऱ्याला मागे टाकणे ही दुर्मीळ आणि निर्धोक घटना होती.

तरीही बेदरकारपणाची जाणीव कायद्याला मोटारीच्या आधीपासून होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७९ ने सार्वजनिक मार्गावर मानवी जीवितास धोका होईल अशा रीतीने वाहन हाकणे वा घोडा दौडविणे हा गुन्हा ठरविला. हे कलम लिहिले गेले ते बग्गी आणि घोडा डोळ्यांसमोर ठेवून. परंतु पुढे मोटारचालकांवरही तेच लावले गेले. हयगयीने मृत्यू घडविण्याबाबतचे कलम ३०४-अ हे १८७० मध्ये त्यात समाविष्ट झाले.

ब्रिटनमध्ये मात्र यांत्रिक वाहनाचे स्वागत संशयाने झाले. तेथील १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल एवढीच मर्यादा घातली आणि गाडीच्या पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली. १८९६ मध्ये हे बंधन सैल झाले. १९०३ च्या मोटार कार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा, वाहन नोंदणी आणि चालकाचा परवाना या तीन गोष्टी आणल्या. १९३० मध्ये खाजगी मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकण्यात आली. ज्या देशात दरवर्षी सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरत होती, तेथे हा प्रयोग टिकणे शक्य नव्हते. १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आली. मध्यंतरी १९३१ मध्ये ‘हायवे कोड’ ही एक पेनी किमतीची पुस्तिका प्रसिद्ध झाली. केवळ दंडाने भागत नाही, रस्त्यावरील वागणूक शिकवावी लागते, याची ती शासकीय कबुलीच होती.

४. १९१४ चा कायदा : वेग नव्हे, धोका

मुंबईच्या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारी दिसू लागल्या. १८७४ पासून घोड्यांची ट्राम आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावणाऱ्या या शहरात भिन्न वेगांची वाहने प्रथमच एका रस्त्यावर आली. प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या नियमांच्या जागी १९१४ मध्ये भारतीय मोटार वाहन कायदा संमत झाला व पुढील वर्षापासून तो लागू झाला.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य नोंदविण्याजोगे आहे. संपूर्ण देशासाठी एकच वेगाचा आकडा त्याने सांगितला नाही. ठिकाणाचे स्वरूप, रस्त्याची स्थिती व वापर आणि तेथील रहदारी लक्षात घेता लोकांना धोकादायक ठरेल अशा वेगाने वा रीतीने वाहन चालविणे, हा त्याने गुन्हा मानला. म्हणजेच वेग ही स्वयंभू संख्या नसून ती परिस्थितीशी निगडित आहे, हा विचार कायद्याच्या पायाशी होता. वेगमर्यादा ठरविण्याचे काम स्थानिक सरकारांकडे सोपविले गेले.

तत्त्व म्हणून हा विचार आजही योग्य वाटतो. परंतु मोटार ही तेव्हा संस्थानिक, इंग्रज अधिकारी व धनिक यांच्यापुरती मर्यादित होती. ‘लोकांना धोका’ म्हणजे किती, याचा निर्णय करणारे न्यायदंडाधिकारी व पोलीस अधिकारी बहुधा मोटारवाल्यांच्याच वर्तुळातील असत. पायी चालणारा आणि गाडीवान यांची बाजू या व्यवस्थेत दुबळीच राहिली. रस्त्यावर मोठ्या वाहनाने मार्ग मागावा आणि लहानाने तो द्यावा, या मनोवृत्तीची बीजे या काळात रुजली, असे म्हणता येईल.

५. जयकर समिती ते १९३९ चा कायदा

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची व विशेषतः बस आणि ट्रक यांची संख्या वाढली. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली आणि १९२६ मध्ये शहरात बससेवा सुरू झाली. बैलगाडीच्या लोखंडी धावांसाठी बनविलेले खडीचे रस्ते मोटारींच्या रबरी चाकांखाली उखडू लागले. या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या १९२८ च्या अहवालातील शिफारशींमुळे १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस या संस्था अस्तित्वात आल्या.

रस्त्याच्या बांधणीचा विचार अशा रीतीने पुढे जात असतानाच रस्त्यावरील वर्तनाचे संहितीकरण १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने केले. या कायद्याचे दहावे परिशिष्ट ‘वाहन चालविण्याचे विनियम’ या स्वरूपाचे आहे. भारतीय रस्त्यांच्या इतिहासातील तो महत्त्वाचा दस्तऐवज मानावा लागेल. त्याचा आशय थोडक्यात असा :

• चालकाने शक्य तितके रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे व समोरून येणाऱ्या वाहतुकीस आपल्या उजवीकडून जाऊ द्यावे.
• त्याच दिशेने जाणाऱ्या वाहनास त्याच्या उजव्या बाजूने मागे टाकावे. उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे गेलेल्या वाहनाच्या बाबतीत मात्र डावीकडून जाता येईल. ट्रामला दोन्ही बाजूंनी ओलांडण्याची मुभा होती.
• इतरांना गैरसोय वा धोका होण्याची शक्यता असेल, किंवा वळण, चढ वा अडथळा यांमुळे पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल, तर ओव्हरटेक करू नये.
• आपणास कोणी ओव्हरटेक करीत असताना चालकाने वेग वाढवू नये व त्यास कोणत्याही प्रकारे अडवू नये.
• चौकात मुख्य रस्त्यावरील वाहतुकीस, अन्यथा आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहतुकीस प्राधान्य द्यावे.

येथे दोन बाबींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, कायद्याने जबाबदारी दोघांवर टाकली. पुढे जाणाऱ्याने दिसत नसल्यास थांबावे आणि मागे पडणाऱ्याने मनात ईर्ष्या न धरता जाऊ द्यावे. ओव्हरटेकिंग ही स्पर्धा नसून सहकार्याची कृती आहे, हे तत्त्व यातून सूचित होते. दुसरी बाब म्हणजे कायद्याने ‘दिसणे’ हा निकष मानला. चालकाचे कौशल्य, वाहनाची ताकद वा त्याची घाई यांपैकी काहीही दृष्टीआडच्या रस्त्याची भरपाई करू शकत नाही.

डाव्या बाजूचा नियम भारतीय उपखंडात किती दृढ झाला होता, याचे उत्तम उदाहरण गोव्यात आढळते. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने वाहतुकीचा स्वीकार केला. परंतु सीमेपलीकडील रस्त्यांशी जोडलेल्या गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. राजसत्तेपेक्षा शेजारच्या रस्त्याची सवय येथे प्रबळ ठरली.

६. ‘साइड देणे’ : अरुंद रस्त्याचा शिष्टाचार

१९४३ च्या नागपूर परिषदेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी केली. स्वातंत्र्योत्तर काळात खेडोपाडी डांबरी रस्ते पोचले. तथापि त्यांतील बहुसंख्य रस्ते एकपदरी होते. एकपदरी डांबरी पट्ट्याची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर, तर दुपदरी रस्त्याची ७ मीटर मानली जाते. एकपदरी रस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन मोटारींपैकी एकीला किंवा दोघींना अर्धी चाके कच्च्या साइडपट्टीवर उतरवावी लागतात. मागून येणाऱ्याला पुढे जायचे असेल तरीही हेच करावे लागते. म्हणून मराठीत ‘साइड देणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. त्यातील ‘देणे’ हे क्रियापद अर्थपूर्ण आहे. साइड मिळत नव्हती, ती कोणीतरी देत होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. पुढील दशकांत ग्रामीण महाराष्ट्रातील अनेकांनी मोटारवाहनाचा पहिला अनुभव एस.टी.मधूनच घेतला आणि चालकाचे वर्तनही तेथेच पाहिले. विनाअपघात सेवेबद्दल चालकाचा गौरव करण्याची एस.टी.ची प्रथा वेगापेक्षा सुरक्षिततेला प्रतिष्ठा देणारी होती.

या काळात चालकांचा एक अलिखित संकेतसंग्रह विकसित झाला. मागच्याने हॉर्न वाजवून जागा मागायची, पुढच्याने रस्ता मोकळा असल्याचे पाहून खिडकीतून उजवा हात बाहेर काढून ‘या’ असे सुचवायचे, रात्री डिपर देऊन समोरच्याला सावध करायचे, अशी ही देवाणघेवाण होती. १९८९ च्या रस्ता नियम विनियमांत हा संकेत स्पष्टपणे आढळतो. त्यानुसार मागील वाहनाने आपणास ओव्हरटेक करावे असे सुचविताना चालकाने उजवा हात बाहेर आडवा धरून पुढेमागे अर्धवर्तुळाकार हलवावा. त्याच विनियमांत असेही म्हटले होते की, पुढील चालकाने ओव्हरटेक करण्यास अनुमती दर्शविणारा इशारा दिलेला नसेल तर ओव्हरटेक करू नये.

म्हणजेच ही अनुमतीवर आधारित व्यवस्था होती. उंच ट्रकच्या मागे अडकलेल्या चालकाला पुढचे काहीच दिसत नसे. ट्रकचालकाला ते दिसे. एका अर्थाने मागचा चालक पुढच्याचे डोळे उसने घेत असे. अनोळखी माणसाच्या हातवाऱ्यावर स्वतःसह प्रवाशांचे प्राण सोपविणारी ही पद्धत मोठ्या विश्वासाची होती. ट्रकच्या पाठीमागे रंगविला जाणारा ‘हॉर्न ओके प्लीज’ हा मजकूर याच व्यवस्थेत शोभणारा होता. आवाज करून जागा मागणे हा तिचा भागच होता. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ३० एप्रिल २०१५ च्या आदेशाने हा मजकूर लिहिण्यास मनाई केली. तो अकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन देतो, असे त्यामागील कारण होते. एका पिढीचा शिष्टाचार पुढच्या पिढीला उपद्रव वाटू लागल्याचे हे बोलके उदाहरण होय.

भाषेतील आणखी एक पुरावा पाहण्यासारखा आहे. ‘पुढे वळण आहे, वाहने सावकाश हाका’ हा फलक महाराष्ट्रातील रस्त्यांवर सर्वपरिचित आहे. ‘हाकणे’ हे क्रियापद मुळात बैलांसाठीचे. बैल गेले, शब्द राहिला. ‘अति घाई संकटात नेई’ हा घाटातील फलकही कायद्याच्या भाषेत न बोलता घरातील वडीलधाऱ्यांच्या भाषेत बोलतो. शासनालाही रस्त्यावर दंडापेक्षा संस्काराचे आवाहन अधिक परिणामकारक वाटत होते, असा त्याचा अर्थ घेता येतो.

घाटासाठी कायद्याने वेगळा शिष्टाचार सांगितला. रस्ता पुरेसा रुंद नसेल तेथे उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास आधी जाऊ द्यावे. चढावर थांबलेले ओझ्याचे वाहन पुन्हा हलविणे अवघड असते, हे त्यामागील साधे कारण. ज्याची अडचण मोठी त्याला प्राधान्य, हे तत्त्व येथे कायद्यानेच स्वीकारले आहे.

७. ओव्हरटेकिंगचे गणित आणि रस्त्याची रचना

नियमांमागील कारणे समजण्यासाठी थोडे गणित उपयुक्त ठरते. समजा, ताशी ५० कि.मी. वेगाने जाणाऱ्या ट्रकला एक मोटार ताशी ७० कि.मी. वेगाने मागे टाकीत आहे. दोहोंच्या वेगांत २० कि.मी.चा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.५ मीटरचा फरक आहे. ट्रकची लांबी आणि मागचे-पुढचे सुरक्षित अंतर मिळून ५० मीटर धरले, तर हे काम पुरे होण्यास ९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार सुमारे १७५ मीटर जाते. समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही १७५ मीटर जवळ येते. म्हणजे किमान ३५० मीटर रस्ता मोकळा दिसत असल्याखेरीज ही कृती सुरू करता येत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ च्या मानकात हा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडला. त्यानुसार ताशी ८० कि.मी. वेगाला वाहन थांबविण्यासाठी १२० मीटर दृष्टीअंतर पुरेसे असले, तरी ओव्हरटेकिंगसाठी ४७० मीटर आवश्यक आहे. ताशी १०० कि.मी. वेगाला हेच आकडे १८० व ६४० मीटर होतात. थांबण्यासाठी सुरक्षित असलेला रस्ता ओव्हरटेकिंगसाठी सुरक्षित असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. सह्याद्रीतील वळणांवर ४७० मीटर सरळ दृष्टी क्वचितच लाभते. त्यामुळे घाटातील अखंड पट्ट्याला ओलांडू नये हा नियम म्हणजे भूगोलाने घातलेली मर्यादा आहे.

परंतु येथेच नियम आणि वास्तव यांतील ताण प्रकट होतो. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्यांच्यामागे कित्येक किलोमीटर ताटकळलेला चालक नियम जाणत नाही असे नाही. त्याला संधीच मिळत नाही आणि अखेरीस तो जी संधी घेतो ती संधी नसतेच. अंधारात परावर्तक नसलेली ट्रॉली जीवघेणी ठरते. अशा वेळी दोष केवळ चालकाच्या उतावळेपणाला देणे अपुरे आहे. संथ वाहनांना बाजूला घेण्यासाठी रुंद जागा न ठेवणारा रस्ताही त्या दोषाचा वाटेकरी असतो.

८. द्रुतगती मार्ग आणि शिष्टाचारातील खंड

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याबरोबर आलेल्या विनियमांनी १९३९ च्या परिशिष्टातील मूलभूत नियम जवळपास तसेच पुढे चालविले. मिरवणूक, लष्कर वा पोलिसांचे संचलन आणि रस्त्यावर काम करणारे मजूर यांच्याजवळून जाताना ताशी २५ कि.मी.ची मर्यादाही त्यांत होती. मार्गिका आखलेल्या रस्त्यावर मार्गिकेतच राहावे आणि इशारा देऊनच ती बदलावी, असा नियमही त्यांत होता. तथापि मार्गिका आखलेले रस्ते तेव्हा विरळ होते.

हे चित्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने बदलले. सुमारे ९४.५ कि.मी. लांबीचा हा सहापदरी मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर व पादचारी यांना येथे मज्जाव होता. समोरून येणारी वाहतूक दुभाजकापलीकडे गेल्याने ओव्हरटेकिंगमधील सर्वांत भीषण धोका, म्हणजे समोरासमोरची धडक, तत्त्वतः नाहीसा झाला. आता कोणाकडे जागा मागण्याची गरज नव्हती. संथ वाहनाने डावीकडे राहायचे, उजवीकडील मार्गिका पुढे जाण्यापुरती वापरायची आणि काम होताच परत डावीकडे यायचे, एवढेच अपेक्षित होते.

प्रत्यक्षात चालक मात्र तेच होते. अरुंद रस्त्यावर कच्च्या साइडपट्टीपासून दूर, मध्यावरून चालण्याची सवय लागलेला अवजड वाहनचालक येथेही उजवीकडे राहिला. मागच्याने हॉर्न वाजविला की आपण बाजू देऊ, ही त्याची धारणा जुन्या शिष्टाचाराला धरूनच होती. वेगवान मोटारीचा चालक मात्र न थांबता डावीकडून निसटू लागला. पुढच्या चालकाला ज्या बाजूची अपेक्षा नाही आणि जी बाजू त्याला आरशात कमी दिसते, नेमक्या त्या बाजूने हे वाहन येते. एक चालक जुनी भाषा बोलत होता, दुसरा नवी. आणि दोघेही स्वतःला बरोबर समजत होते.

या संक्रमणात एक महत्त्वाचा संकेतही हरवला. हाताच्या इशाऱ्यांमध्ये ‘मी वळतो’ आणि ‘तुम्ही पुढे या’ यांसाठी वेगवेगळ्या खुणा होत्या. विद्युत इंडिकेटर आले आणि बंद काचांच्या वाहनांत हात बाहेर येईनासा झाला. इंडिकेटरला मात्र डावा आणि उजवा एवढेच दोन शब्द येतात. तिसरा अर्थ त्यात बसत नाही. परिणामी पुढील ट्रकचा उजवा दिवा लुकलुकू लागला की तो उजवीकडे वळत आहे, ‘आता येऊ नका’ असे सांगत आहे की ‘या’ म्हणत आहे, हे मागच्याने अंदाजाने ठरवायचे. ज्या खुणेचे परस्परविरोधी अर्थ होऊ शकतात, ती खूण नसल्यापेक्षाही घातक असते.

९. अलीकडील तरतुदी

२०१७ मध्ये १९८९ च्या विनियमांची जागा मोटार वाहने (वाहन चालविणे) विनियमांनी घेतली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व दिव्यांग या असुरक्षित घटकांबाबत विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य त्यांत चालकावर टाकले आहे. १९१४ च्या कायद्यातील ‘लोक’ या मोघम शब्दापासून येथवर येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० कि.मी.ची कमाल मर्यादा अधिसूचित केली. २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येत नियमबाह्य ओव्हरटेकिंगचा नावानिशी समावेश केला आणि पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दंड संहितेतील कलम २७९ व ३०४-अ यांच्या जागी अनुक्रमे कलम २८१ व १०६ आणले. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर आंदोलन केले. ते उपकलम वगळूनच संहितेची अंमलबजावणी सुरू झाली. रस्त्यावरील शिष्टाचाराचा प्रश्न हा श्रमिकांच्या सुरक्षिततेचा आणि न्यायाचाही प्रश्न आहे, हे या आंदोलनाने दाखवून दिले.

एक उणीव मात्र कायम आहे. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातील नियमभंगाच्या वर्गवारीत अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशेने वाहन चालविणे, सिग्नल तोडणे व मोबाइलचा वापर हे रकाने आहेत. ओव्हरटेकिंगसाठी स्वतंत्र रकाना नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत ते निष्काळजी वाहनचालनाबरोबर एकत्र केले जाते. जे स्वतंत्रपणे मोजले जात नाही, त्यावर स्वतंत्र उपाययोजनाही होत नाही.

१०. निष्कर्ष

१) ओव्हरटेकिंगचे मूलभूत नियम १९३९ पासून फारसे बदललेले नाहीत. बदलले ते रस्ते, वाहने आणि वेगातील तफावत. म्हणून नियमांच्या अभावापेक्षा त्यांच्या आकलनाचा अभाव हे आजच्या समस्येचे मोठे कारण दिसते.

२) ‘साइड देण्याची’ पद्धत ही बेशिस्त नव्हती. ती अरुंद रस्त्यावरील सहकार्याची व्यवस्था होती. तिचा उपहास करण्याऐवजी ती कोणत्या रस्त्यावर योग्य व कोणत्या रस्त्यावर घातक, हे चालकांना शिकविणे आवश्यक आहे.

३) जिल्हा मार्गावर शिकलेला चालक त्याच सवयींनिशी द्रुतगती मार्गावर येतो. परवान्याच्या चाचणीत दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवरील ओव्हरटेकिंग, दृष्टीअंतराचा अंदाज आणि मार्गिका बदलणे यांना स्थान असावे.

४) ओव्हरटेकिंगमुळे होणाऱ्या अपघातांची स्वतंत्र नोंद व्हावी, तसेच घाटात व ऊस वाहतुकीच्या मार्गांवर संथ वाहनांना बाजूला घेण्यासाठी जागा निर्माण कराव्यात.

५) कायद्याच्या इतिहासात सातत्याने आढळणारे तत्त्व असे की, ज्याच्या हाती अधिक वेग आहे त्याच्यावर थांबण्याची अधिक जबाबदारी आहे. रस्त्यावरील व्यवहार मात्र बहुधा याच्या उलट चालत आला आहे. तेथे मोठे वाहन लहानाला थांबवते.

ओव्हरटेक करताना वाचलेली काही मिनिटे आणि समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाचा प्रवास यांपैकी कशाला महत्त्व द्यायचे, हा निर्णय प्रत्येक चालक दररोज अनेक वेळा घेत असतो. कायदा त्या निर्णयाची चौकट आखून देऊ शकतो. परंतु समोरचा रस्ता दिसत नाही म्हणून दोन मिनिटे मागे राहण्याचा संयम समाजालाच जोपासावा लागेल.